चौथा विषय

आमच्या गडचिरोलीच्या विभागात परदेशी विद्यार्थी यायचा तो दोन-तीन वर्षांतून एखादा. आला की त्याचे सगळे कागद माझ्या गळ्यात पडत, कारण माझं इंग्रजी चांगलं आहे असा एक गैरसमज तिथे पसरला होता. त्या पावसाळ्यात पोलंडहून एक मुलगी एका सत्रासाठी आली. तिला चार विषय नोंदवायचे होते. तीन पहिल्याच आठवड्यात नोंदवून झाले, चौथ्याचं घोडं अडलं. चार पुरे झाले नाहीत तर तिचं विद्यापीठ हे सत्र धरणार नव्हतं आणि तिला परत जावं लागणार होतं.

चौथा विषय क्षेत्रकार्याचा. एटापल्लीकडच्या एका गावात राहून तिथल्या बायका रानभाज्या आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कसे आणतात, कसे वाटून घेतात ते तिला लिहायचं होतं. ती एकदा जाऊनही आली होती. बायकांनी तिच्यासाठी एक खोली सारवून ठेवली होती. पण बाहेरच्या माणसाला गावात राहायचं तर ग्रामसभेचं पत्र लागतं, आणि ते काही येईना. नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला तरी पत्राचा पत्ता नव्हता. संध्याकाळी पाचला संगणकावरची नोंदणी बंद होणार होती.

त्या दिवशी सकाळपासून माझं कशात लक्ष लागत नव्हतं. आभाळ इतकं उतरलं होतं की दुपारीच खोल्यांत दिवे लावावे लागले. एटापल्लीच्या रस्त्यावरचे नाले भरले होते. पत्र घेऊन येणारी काळीपिवळी जीप कुठवर आली ते कुणाला कळेना. मी अर्जावर आधीच सही केली आणि शेजारच्या खोलीत बाबूकडे दिला. पत्र आलं की शिक्का मारा आणि नोंदणी करून टाका, असं त्यांना बजावलं. तिलाही हे सांगायला निघालो, तेवढ्यात ब्रह्मपुरीहून घरचा फोन आला. वैनगंगा चढत होती, पूल केव्हाही बंद होईल, म्हणून मिळेल त्या बसने निघायचं होतं.

मी पिशवी उचलली. ती माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. बस चुकेल या घाईत मी तिला म्हटलं, "येतो मी." तिने हसून मान हलवली.

बसमध्ये मला सारखं वाटत होतं की काहीतरी राहिलं. छत्री पाहिली, चाव्या पाहिल्या. पुलावरून जाताना खाली लालसर पाणी कठड्याच्या अगदी जवळ आलं होतं. मी त्या पाण्याला घाबरलो होतो. चुकीच्या गोष्टीला घाबरायची माझी सवय जुनीच आहे.

पूल बंद झालाच नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर पोचलो, तर ती त्याच बाकावर बसलेली. मांडीवर ग्रामसभेचं पत्र होतं, कोपरा भिजलेला, सह्या आणि अंगठे शाबूत.

पत्र चार वाजताच आलं होतं. ते हातात धरून ती पाचपर्यंत माझी वाट पाहत बसली. पाचाला पंधरा मिनिटं कमी असताना बाबूने खोलीतून डोकावून विचारलं होतं, काऊन बसून राह्यली पोरी? वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईकडून शिकलेल्या बोलीत तिने ऐटीत सांगितलं, "सर येऊन राह्यले." बाबूला वाटलं, फोन झाला असेल, सर येतातच आहेत तर सरांच्याच हाताने होऊ दे. माझी सही असलेला अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच पडून होता. तो बाक आणि ते टेबल यांच्यात एक भिंत होती.

मी वरच्या कार्यालयात जाऊन हातापाया पडलो. मुदत संपली, म्हणाले. तिच्या विद्यापीठाला पत्र पाठवलं. तिकडून दोन ओळींचा नकार आला. तिचं तिकीट निघालं. गावातल्या बायकांना निरोप मलाच द्यावा लागला, आणि ते करताना मला माझीच लाज वाटली.

ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. सामान बांधून झाल्यावर ती खोलीत आली आणि अभ्यासातली अडचण विचारावी तशी म्हणाली, "सर, तुम्ही येतो म्हणालात, आणि गेलात."

मी तिला समजावलं की आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत, ते अशुभ वाटतं. म्हणून जाणारा माणूस येतो म्हणतो. त्याचा अर्थ येतो असा नसतो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग खरंच परत येणार असाल तर काय म्हणता?"



"तेव्हाही येतोच म्हणतो," मी म्हटलं.