अरबी समुद्रातला गार पट्टा

भिंगारला परत राहायला आले तेव्हा शेजारणीने विचारलं, "काम काय करतेस?" मी म्हटलं, "समुद्राचं तापमान मोजते." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आमच्या घरामागच्या बाभळींकडे, आणि विषय बदलला. तिचं काही चुकलं नाही. समुद्र आमच्यापासून कित्येक तासांच्या अंतरावर. मी स्वतः बोटीत बसले ती एकदाच.

मोजायचं काम खरं तर उपग्रह करतो. समुद्राच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता तो वरून टिपतो आणि त्यावरून पाण्याचं तापमान काढलं जातं. ते बरोबर आहे की नाही हे बघायला समुद्रात ठिकठिकाणी बोये नांगरलेले असतात. बोया म्हणजे यंत्रं बसवलेलं तरंगतं पिंप. त्याचा थर्मामीटर प्रत्यक्ष पाण्यात असतो. दोघांचे आकडे जुळवायचे आणि जुळत नसतील तिथे कारण लिहायचं, हे माझं काम. हवामान किती बदलतंय ते अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून ठरतं, म्हणून अंशाच्या लहानशा भागालाही महत्त्व असतं. माझ्या वरिष्ठ पुण्यात होत्या. आमचं बोलणं फोनवरच व्हायचं.

वडील माझ्याबरोबर राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते मूळचे जामखेडकडचे, पण सगळी नोकरी इथे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन कामगार म्हणून झाली. गाड्यांचे आणि कॉम्प्रेसरचे प्रेशर गेज तपासायचे, एवढंच त्यांनी तीस वर्षं केलं.

त्या वर्षी अरबी समुद्र सुरुवातीपासूनच तापलेला होता. दर आठवड्याचा नकाशा आधीच्यापेक्षा लाल. जुलैमध्ये एके दिवशी मधोमध एक गार पट्टा दिसला. मला बरं वाटलं, इतकं की मी लगेच कारणही ठरवून टाकलं: पावसाळी वाऱ्यांनी खालचं थंड पाणी वर आलं असणार. अडचण एकच होती. त्या पट्ट्यात नांगरलेला एक बोया पाणी गरमच आहे असं सांगत होता. बोये बिघडतात, त्यांच्यावर शेवाळ चढतं, शिंपले चिकटतात. मी 'बोया सदोष' असा शेरा मारला, त्याचे आकडे वगळले आणि अहवाल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना अण्णांना सहज सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "त्यो पिंप खोटा, हे कुनी ठरवलं?"

"अण्णा, उपग्रहाचे हजारो आकडे एका बाजूला आहेत. बोया एकटाच."

"यंत्र एकच हाय न्हवं? एकानंच हजार बारी सांगितलं म्हून हजार साक्षीदार झाले व्हय?"

त्यांनी घास संपवला आणि पुढे विचारलं.

"ह्यो पिंप आदी कधी चुकलाय का?"

"ते बघितलं नाही."

"आमच्याकडं दोन गेज जुळंना झाले की तिसरं आनायचो. आपल्याला पटतंय ते ठिवायचं आन दुसरं फेकायचं, असं न्हवतं."

मला राग आला. तुम्हाला यातलं काय कळतं, हे तोंडावर आलं होतं. "आमटी घ्या," एवढंच म्हणाले.

जेवणानंतर बोयाची जुनी नोंद काढली. स्वच्छ होती. मग तिसरं माप शोधलं. दुसऱ्या प्रकारचे उपग्रह समुद्रातून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी टिपतात. त्यांचं चित्र भरड येतं म्हणून मी ते उघडलंही नव्हतं. पण ढग आणि धूळ त्यांना फारशी आडवी येत नाही. त्यांचा आकडा बोयाच्या बाजूने होता. शेवटी धुळीचा नकाशा बघितला. अरबस्तानातल्या वाळवंटातून उडालेली धूळ नेमकी त्याच भागावर पसरली होती. वर हवेतली ती धूळ पाण्याहून गार. उपग्रहाने धुळीचा गारवा समुद्राचा समजला होता, आणि मीही.

आधी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटलं ते वाईट: पाणी गार झालेलंच नव्हतं.

वरिष्ठांना फोन केला. "कालचा अहवाल चुकीचा आहे. तो पट्टा धुळीचा आहे. बोया बरोबर होता, मी वगळला."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "तू याआधीही असे बोये वगळलेत?"

"दोन. बघावे लागतील."

"बघ. आणि मागच्या सगळ्या उन्हाळ्या-पावसाळ्यातले धुळीचे दिवसही काढ. तुझ्या आधीच्या लोकांनी काय केलंय कोण जाणे."

ते काम दिवाळीपर्यंत चाललं. माझ्या दोन बोयांपैकी एक खरोखरच बिघडलेला निघाला, दुसरा नाही. आधीच्या वर्षांतलेही काही गार पट्टे पुसावे लागले. ते पुसल्यावर नोंदीतला समुद्र आधी दिसत होता त्यापेक्षा किंचित जास्त तापलेला दिसू लागला. धुळीच्या दिवसांसाठी वेगळी खूण ठेवायचं ठरलं आणि नोंदींसोबतच्या माहितीपत्रकात त्याबद्दल दोन ओळी आल्या.

त्या ओळी मी अण्णांना मराठीत सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे पानी गरमच हुतं."

"हो."

"लई?"

"नेहमीपेक्षा बरंच."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग हे वरच्या लोकांना कळवलंस का?"

"कळवलंय," मी म्हटलं. पुढे ते लोक काय करतील, हे अण्णांनी विचारलं नाही.