मी वाऱ्याचा वाडा केला

मांडव्याच्या जेट्टीवर लाँचमधून उतरत होतो, तेव्हा दामूच्या मुलीचा फोन आला. "सर, बाबा गेले... सकाळी झटका आला." आधी दुःख व्हायला हवं होतं. खरं सांगतो, मला आधी त्याचं पुस्तक आठवलं. त्याची माफी मागायची राहूनच गेली होती.

दामू उरणजवळच्या मिठागरवाल्या आगरी घरातला. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचा. बंदराबाहेर गाड्यांची रांग तासन्‌तास हलत नाही. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत बसायचे, हा केबिनमध्ये वही मांडीवर घेऊन समुद्री चाच्यांची कादंबरी लिहायचा. कादंबरी म्हणजे नुसता धुमाकूळ! त्याचे चाचे इतके कमनशिबी, की मोठ्या थाटात जहाज लुटून कंटेनर फोडतात, तर आत सगळे डाव्या पायाचे बूट. त्यांचा नाखवा, म्हणजे कप्तान, एकदा बुडत्या जादूगाराला वाचवतो. जादूगार म्हणतो, माग काय हवं ते. नाखवा म्हणतो, "मना येक मोठा वारा दे." आगरीत 'ड'चा 'र' होतो, बिचाऱ्याला हवा होता वाडा. जादूगार पडला पुस्तकी शुद्ध बोलणारा, त्याने दिला वारा. होडी जी आभाळात उडाली ती उडालीच! पुढची सगळी धमाल त्या एका अक्षरावर उभी.

मी तीस वर्षं मराठी शिकवलेला मास्तर. दामूने वही विश्वासाने माझ्या हातात दिली. "सर, जरा नजर टाका." मी नजर कसली टाकतोय, लाल पेनच चालवलं. 'न्हाय'चं 'नाही' केलं, 'होरी'ची 'होडी' केली आणि नाखव्याच्या तोंडी 'वाडा' घातला. मग वाडा मागितल्यावर वारा का मिळतो, हे कळेना. म्हणून पदरचं एक वाक्य घुसडलं: 'जादूगारास किंचित कमी ऐकू येत असे.' अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणा मी, आणि बैल मात्र दामूचा.

पुस्तक छापून आलं. लोक 'छान' म्हणाले, हसलं कुणी नाही. दामूने पहिली प्रत केबिनमध्येच वाचली. "सर, मना वाटतं दुसऱ्या कुनीतरी लिवलंय," तो म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून घाईघाईने, "पन चांगलं लिवलंय हां!" त्यानंतर त्याने एक ओळही लिहिली नाही. का, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. कबूल करायला जीभ वळली नाही.

बाराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. मुलीने पुस्तकातला जादूगाराचा तो प्रसंग वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. सगळे माना खाली घालून ऐकत राहिले. मग दामूची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "ते असं न्हाय हाय, सर," आणि तोंडपाठ सांगू लागल्या. रोज लिहिलेलं तो त्यांना वाचून दाखवायचा. "मना येक मोठा वारा दे!" आधी दामूचा थोरला भाऊ फस्सकन हसला, मग सगळं घर. मला काही हसता आलं नाही.

"वही तुमच्याकरंच हाय ना?" वहिनींनी विचारलं.

छापून झाल्यावर ती मी रद्दीत दिली होती. तसंच सांगितलं. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मंग मना येतंय तेवरं लिवून घ्या. आन् आता सुदारू नका."

आता दर रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाट टाकून बसतो. भाकऱ्या थापता थापता त्या सांगतात, मी लिहितो, 'तेवरं' म्हणजे 'तेवरं'. बारा प्रकरणं झाली. शेवटची दोन त्याने त्यांना वाचून दाखवलीच नव्हती. "आदी सरांना वाचू दे," म्हणाला होता. त्याच्या शब्दांत ती वाचलेला माणूस आता मी एकटाच. आठवायला बसतो, तर मला माझीच वाक्यं आठवतात.