एकाची कळ

गडचिरोलीत तहसीलसमोर कडुनिंबाखाली अर्ज टाइप करणारे चाचा. जिकडेतिकडे कॉम्प्युटर आले तशी त्यांच्यापुढची रांग आटली आणि पंचेचाळिशीत ते माझ्या कॉम्प्युटर क्लासवर येऊ लागले. शिकवू मात्र द्यायचे नाहीत. "मशीन तेवढी द्या भाऊ, बाकी मी पाहून घेतो." मांडीवर प्रोग्रामिंगचं जुनं पुस्तक, आणि कीबोर्डवर दणके असे, की शेजारच्या पोरी दचकायच्या. ओळ संपली की डावा हात आपोआप उठायचा आणि टाइपरायटरचा नसलेला दांडा हवेतच सरकवायचा.

एक ते दहा आकडे दाखवणारा त्यांचा पहिला प्रोग्राम आठवडाभर चालेना. पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं तरी चूक सापडेना. एका दुपारी पुस्तक मिटून म्हणाले, "उद्यापासून नाई येत. या वयात डोस्कं नाई चालून राह्यलं."

"जाता जाता एकदा टाइप करा," मी म्हटलं, आणि या वेळी पडदा सोडून त्यांची बोटं पाहिली. एक या आकड्याची कळ ते दाबतच नव्हते. तिथं इंग्रजी छोटा एल मारत होते. त्यांच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरला एकाची कळच नव्हती. हयातभर त्यांनी एलनंच एक काढला होता. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसत.

मी वरच्या रांगेतली एकाची कळ दाखवली. आकडे सरसर उतरले.

"म्हणजे डोस्कं ठीक हाये! बोटच चुकून राह्यलं होतं, अन् मी उगाच..." पुढचं हसण्यात गेलं. मग डावा हात उठला, दांडा सरकला, आणि चाचा पुढच्या ओळीवर आले.