नकाशावरचं चार बोटं अंतर

थोरल्या भावाला मी विमानानं जायला लावलं, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गाढवकी. तेव्हा मी सोळा वर्षांची, चौथी पास आणि घरात लिहितावाचता येणारी एकटीच. म्हणजे माझ्या शहाणपणाला जाब विचारणारं कोणी नव्हतं.

हैदराबाद राज्याची वाटणी झाली ते साल. आमचं इचोड्याजवळचं गाव तेलुगू राज्यात राहिलं आणि हैदराबादच्या कचेरीत कारकून असलेल्या भावाची बदली नागपूरला झाली. त्याचं पत्र आलं: दप्तराचे गठ्ठे विमानानं जाणार आहेत, सोबत एक माणूस हवा, साहेब मला जा म्हणतात. नाहीतर मोटारीनं निघतो, वाटेत इचोड्याला उतरून दोन दिवस आईजवळ राहतो. आईला विचारून कळव.

आई दम्यानं खाटेला लागली होती. पत्र ऐकून ती उठूनच बसली. "मोटारीनंच ये म्हना त्याले. मांगच्या पोळ्यापासून तोंड नाई पाह्यलं."

मी मान डोलावली आणि लिहिलं, "आई म्हणते, विमानानं जा."

काय सांगू! मोटारीत बसलेली माणसं गावात पुष्कळ होती. विमानात बसलेल्या भावाची बहीण मात्र मी एकटीच होणार होते. आईला सांगितलं, साहेब ऐकत नाही. वर आणखी शाळेत जाऊन भिंतीवरच्या नकाशावर कापसाचं सूत धरलं. हैदराबाद ते नागपूर, चार बोटं. सूत दुमडलं, तर घडी जवळपास आमच्याच गावावर! नखभर उजवीकडं होती, पण नखभराचं काय एवढं!

"अवं माय, विमानतळापासून विमानतळापर्यंत दीड घंटा," मी आईला म्हटलं. "पाऊन घंट्यात दादा आपल्या डोक्यावर येते."

"अन् खाली कवा उतरते?"

"मंग नागपूरहून येते ना सुट्टी घेऊन!"

दादाचं विमान निघायचं त्या दिवशी मी आणि बाबांनी आईची खाट वावरात नेली. भावाला ओळखू यावं म्हणून मी माझं तांबडं लुगडं बाभळीला बांधलं. कापूस वेचणाऱ्या बायका हसत होत्या. "काऊन वो, दादा जेवाले उतरते काय?" मीही ऐटीत हसले. सूर्य डोक्यावर आला. मग पार उगवतीकडं, ज्वारीच्या ताटांच्या वर, काहीतरी चकाकलं आणि गेलं. नकाशावरचं नखभर आभाळात केवढं होतं ते तेव्हा कळलं. ते विमान त्याचंच होतं की दुसरं, देव जाणे. आई हात वर करून बसली होती. बराच वेळ तिनं तो खाली घेतला नाही.

नागपूरच्या नव्या कचेरीत भावाला लवकर रजा मिळेना. तो आला तेव्हा आईचं तेरावं होऊन गेलं होतं. पुढं म्हातारा होईपर्यंत तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा, "आईनंच मला विमानानं जा म्हटलं होतं." मी शेजारी बसून ऐकायची.

त्या दिवशी वावरातून खाट परत आणताना आई मला एवढंच बोलली होती:

"पोरी, इमान पाह्यलं मी. लेक काई दिसला नाई."