वाघजाईचा डावा कौल

सासूबाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि निकाल देऊन टाकला, "गावाला जाऊ. वाघजाईला कौल लावू. देवी हो म्हणाली तर खुशाल जा नोकरीला."

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ठाण्याला दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून माझी निवड झाली होती, महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं. पण तिथे रात्रपाळी असायची, आणि सून रात्रीची घराबाहेर म्हटल्यावर सासऱ्यांनी सरळ नाही म्हटलं. नवरा "आई म्हणेल तसं" म्हणून मोकळा. आणि आई आता देवीवर ढकलून मोकळ्या! माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू. माझ्या नोकरीतलं देवीला काय कळतंय? पण बोलणार कोणाला? मुकाट्याने पिशवी भरली.

कौल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. आपण प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. झालं! एवढ्याशा कळीवर माझं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

नात म्हणते, आजी, लोक हल्ली ब्लॉग वाचूनच कोकणात जातात, तूही लिही. लिहिते बाई. तुम्ही आता सकाळी गाडी काढता आणि दुपारचे मासे समुद्रावर खाता. आमची एस.टी. पनवेल, पेण, माणगाव करत रखडत निघाली. सासूबाईंना गाडी लागायची, त्यामुळे त्या सारा रस्ता नाकाशी लिंबू धरून. पेणला मी बटाटेवडा घेतला तर लिंबाआडून आवाज आला, "तुला बरं जातं गं खायला!" माणगाव सोडल्यावर रस्ता वळणावळणाचा. म्हसळ्याला उतरलो तेव्हा दोघींच्या भुवयासुद्धा लाल धुळीने रंगल्या होत्या.

तिथे भिकूभावजी बैलगाडी घेऊन आले होते. हे सासूबाईंचे पुतणे, गावची शेती तेच बघायचे. आमचं गाव आंबेखोल, समुद्रापासून आत, डोंगराआड. पंधरा-वीस घरं, एक विहीर, आणि खळ्याखळ्यात भाताच्या पेंढ्या रचून केलेल्या उडव्या. निम्मे पुरुष मुंबईला कामाला, त्यामुळे आवाज म्हणाल तर बायकांचा आणि कोंबड्यांचा. गावात पाय ठेवला आणि सासूबाईंची भाषाच बदलली. ठाण्याला "नाही, होय" बोलणारी बाई विहिरीवर "न्हाय, व्हय" करत अशी खिदळायला लागली की मी बघतच राहिले. रात्री चुलीसमोर तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेला जवळा. तसं बिरडं मला अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आधी हरिहरेश्वर, कारण सासूबाईंचा हुकूम, "आधी मोठ्या देवाच्या पाया पडायचं, मग कौल." काळोखातच गाडी जुंपली. तिथला रिवाज लक्षात ठेवा. पहिल्यांदा काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. आणि प्रदक्षिणा करायची असेल तर ओहोटीची वेळ आधी गावात विचारा. देवळामागच्या डोंगराला वळसा घालून खालच्या खडकांवरून वाट जाते आणि भरतीला ती पाण्याखाली असते. दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या उतरलो आणि समोर एकदम समुद्र! मी तर नोकरी, कौल, राग सगळं विसरले. लाटांनी खडकाला जाळीसारखी भोकं पाडलेली. पाय ठेवाल तिथे शेवाळ.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. नेसूचं वर खोचून, चप्पल हातात घेऊन त्या जपून पावलं टाकत होत्या.

"त्या टेलिफोनात कुणी वेडंवाकडं बोललं तर गं?"

"तार काढून टाकायची, आई."

"आणि साहेब ओरडला तर?"

"तर काय! तुमच्या हाताखाली एवढे महिने काढलेत मी."

हे तोंडातून गेलं आणि मला वाटलं, आता इथेच ढकलून देतात. पण त्या हसल्या. खो खो हसल्या, तोल जाऊन माझ्या अंगावर कलल्या. मनगट मात्र सोडलं नाही.

कौल तिसऱ्या दिवशी सकाळी. वाघजाईचं देऊळ म्हणजे चार लाकडी खांब, वर कौलं, आत शेंदूर फासलेली काळी शिळा. गुरव म्हातारा होता, पण आवाज खणखणीत. त्याने तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवल्या आणि शिळेच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. "सांग गो बाय, काय इचारायचं?"

"मनात धरलंय," सासूबाई म्हणाल्या.

"तसं तर तसं." गुरवाने हात जोडले. "आय वाघजाई, तुझी लेक ठाण्याहून आली हाय. तिच्या मनातलं तू वळख, आनि काय तो कौल दे."

मग नुसतं बसून राहायचं. बाहेर भिकूभावजींचे बैल शेपट्या हलवतायत, आत समईभोवती एक माशी. कळ्या हलेनात. देवीबिवी काही नसतं म्हणणारी मी, आणि पदराआड मुठी आवळून म्हणत होते, उजवी पाड गं बाई, उजवी पाड.

डावी पडली.

"डावा दिला," गुरव हळू म्हणाला. "न्हाय म्हनते आय."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग, लाज, काय काय एकदम. त्या क्षणी मला त्या देवीचा, त्या गावाचा, सासूबाईंचा, सगळ्यांचा वीट आला. भिकूभावजी दारातून म्हणाले, "जाऊ दे वैनी. आता घरात सुखानं ऱ्हावा."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला, कळी उचलून कपाळाला लावली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "न्हायच म्हननार ती! मी इचारलंच तसं. म्हटलं, आय, पोरीला घरात बशिवू का? तर न्हाय म्हनाली. आता देवीच न्हाय म्हनते तर मी कोन?"

गुरव त्यांच्याकडे बघतच राहिला. मग गालात हसला आणि त्याने घंटा वाजवली.

परतताना त्यांनी मुद्दाम श्रीवर्धनावरून वाट धरायला लावली. तिथल्या सुपारीच्या वाड्या जरूर बघा, भर दुपारी अंगावर गार सावली. सासऱ्यांसाठी चांगली मोठी सुपारी घेतली. "तोंडात काही असलं म्हणजे माणूस कमी बोलतो," म्हणाल्या. घरी पोचल्यावर सुपारी आधी हातावर ठेवली, कौल नंतर सांगितला. सासरे कातरत राहिले. देवीपुढे त्यांचं काय चालणार?

निवृत्त होईपर्यंत मी त्या एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. रात्रपाळीचा डबा सासूबाई भरायच्या. गावाला पुढे कितीदा गेले, हल्ली डांबरी रस्ता थेट देवळापर्यंत गेलाय. पण त्या सकाळचं एक कोडं मनात राहून गेलं होतं. त्या खूप थकल्या तेव्हा एका दुपारी आम्ही दोघी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. मी विचारलं, "आई, खरं सांगा. त्या दिवशी देवीला काय विचारलं होतं?"

त्यांनी हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला. मग गावच्या बोलीत म्हणाल्या, "कळी पडली तवा तुजं त्वांड बघितलं. मंग काय इचारलं व्हतं, त्येच इसरले."