माळवदावरची फरशी

सोनारीत माकडावर दगड उचलायचा नाही, ही गोष्ट मला शाळेची किल्ली हातात पडायच्या आधी सांगण्यात आली. परंड्याहून माझी ट्रंक घेऊन आलेल्या गाडीवानानं सांगितली, वेशीत पाणी देणाऱ्या बाईनं सांगितली आणि खोली दाखवताना घरमालकीण मावशींनी तर दोनदा सांगितली. माकडं काळभैरवनाथाची. त्यांनी घरात शिरून भाकरी नेली तरी हात जोडायचे. मी तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. देवाच्या नावावर काय काय खपतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी मान हलवली आणि माकडं माझ्या वाटेला न जावोत एवढंच मनात म्हटलं.

निजामाची मोगलाई जाऊन फार वर्षं झाली नव्हती. शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली होती आणि मुलींना शिकवायला बाई हवी म्हणून मला तिकडं धाडलं होतं. माझं लग्न झालं होतं आणि संपलंही होतं. त्यात इथं सांगण्यासारखं काही नाही. गावाला मात्र तेवढंच ऐकायचं असायचं. मूलबाळ? नाही. बरं. त्या ‘बरं’चा मला भयंकर संताप यायचा.

खोली मावशींच्या अंगणातच होती. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं सपाट माळवद आणि खिडकी म्हणून नाही. उजेड यायचा तो छतातल्या सुपाएवढ्या भोकातून. थंडीपावसात त्याच्यावर माळवदावरून शहाबादी फरशी सरकवायची. भोकाखाली मावशींची ज्वारीची कणगी उभी होती, जवळजवळ छतापर्यंत. मावशी एकट्याच राहायच्या. सकाळची पहिली भाकरी कुस्करून त्या माळवदावर माकडांना टाकायच्या आणि मगच स्वतः तुकडा मोडायच्या.

त्या हिवाळ्यात एका माकडिणीचं पिल्लू मेलं. तिनं ते टाकलं नाही. शाळेच्या भिंतीवर ती ते पोटाशी धरून बसायची. पिल्लू वाळत चाललं होतं, त्याचा एक काटकुळा हात खाली लोंबायचा. पोरी तिच्याकडं बघत पाढे म्हणायच्या. भीती मला वाटायची. कुणी भुईमुगाच्या शेंगा टाकल्या की ती पिल्लाला जपून बाजूला ठेवायची, दोन्ही हातांनी शेंगा फोडायची आणि दाणे गालात भरून झाले की त्याला पुन्हा उचलून घ्यायची. खाताना तिची नजर मात्र त्याच्यावरच असायची. मग एक दिवस ती मोकळ्या हातानं आली.

त्यानंतर ती भिंतींवरून फिरायला लागली. घराघरांच्या अंगणात डोकावायची, थांबायची, पुढं जायची. ती काहीच उचलत नव्हती, चोरत नव्हती, म्हणूनच बायका धास्तावल्या. बाळंतिणींनी झोळ्या आतल्या खोलीत नेऊन बांधल्या. तिला हाड म्हणायचं धाडस कुणी केलं नाही.

याच दिवसांत मी कुत्र्याचं पिल्लू आणलं. गावाबाहेरच्या पडीक रानात धनगरांची मेंढरं बसली होती. त्यांच्या कुत्रीला लांडग्यानं फाडलं होतं आणि तिचं एकच पिल्लू उरलं होतं. काळंभोर, माझ्या ओंजळीत मावेल एवढं. धनगराची बाई ते द्यायला तयार होती, पण देताना माझ्याकडं नीट बघून म्हणाली, “लांडगं दिवसा बी फिरत्यात, बाई. बंदोबस्त असंल तरच न्या.” बंदोबस्ताची काळजी तू मला शिकवू नकोस, अशा तोऱ्यात मी ते पदराखाली घेतलं. घरी येईपर्यंत ते माझ्या पोटाशी झोपून गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी तेवढ्यातच त्याची झाले.

गावात त्याचं कौतुक झालं, पण भलत्याच कारणानं. काळं कुत्रं म्हणजे भैरवनाथाचं वाहन. येता-जाता बाया त्याला हात लावून कपाळाला लावायच्या आणि मला बजावायच्या, याच्या गळ्यात दोरी घालू नका. म्हणजे अंगणात बांधून ठेवणं संपलंच. मोकळं सोडावं तर गावची कुत्री होती, बैलगाड्या होत्या, लांडगा होता. शाळेत नेलं असतं तर माझी नोकरी गेली असती. राहता राहिली खोली.

खोलीचा मी किल्ला केला. मोरीच्या भोकात वीट ठोकली. उंबऱ्याच्या फटीला फळी लावली. रॉकेलची बाटली, सुया, सुंभाचा गुंडा, जे जे तोंडात जाईल ते ते खुंटीवर चढवलं. पाणी जड दगडी कुंडीत ठेवलं, म्हणजे उलटायला नको. माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा कोपऱ्यात अंथरला, म्हणजे वास ओळखीचा राहील. आणि घार नको, मांजर नको म्हणून माळवदावर चढून भोकावर फरशी सरकवली. मावशी खालून बघत होत्या. “अंधारात कोंडू न्हाय, बाई,” त्या म्हणाल्या. “देवाचं जनावर हाय.” अंधारात ते गुमान झोपेल, असं मी म्हटलं. त्या पुढं काही बोलल्या नाहीत आणि मला वाटलं त्यांना पटलं.

शाळा हाकेच्या अंतरावर होती. पहिले काही दिवस त्याचं रडणं वर्गात ऐकू यायचं आणि फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. मग रडणं बंद झालं. मी अगदी खूश झाले. बघा, लागली की नाही सवय, असं मावशींना म्हटलंसुद्धा. मावशी तूर निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

त्या आठवड्यातल्या बारीकसारीक गोष्टी मला आता एकेक आठवतात. मेंढरांतलं पिल्लू, अंगभर गोचीड. रविवारी काढायला बसले तर एकही सापडला नाही. कणगीच्या बुडाशी शेंगांची फोलकटं दिसायला लागली. मी उंदरांना शिव्या घातल्या. कणगीच्या शेणामातीच्या लिंपणावर लांब ओरखडे उठले, तेही उंदीरच. संध्याकाळी कुलूप उघडलं की ते माझ्याकडं धावत यायचं, पण अर्ध्या वाटेत थांबून वर फरशीकडं बघायचं. खोलीत एक वास यायचा, ओल्या केसांसारखा. त्या एका उंदरावर मी किती काय काय ढकललं, त्याचं आज मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

एका दुपारी मधल्या सुट्टीत नकाशा न्यायला मी घरी आले. गल्लीतूनच दिसलं की माळवदावरची फरशी बाजूला आहे. मी धावत अंगणात शिरले. कुलूप उघडून दार ढकललं तर भोकातून पडलेल्या उजेडात ती माकडीण बसली होती. तिच्या मांडीवर माझं पिल्लू उताणं पडलं होतं, आणि ती बोटांनी त्याच्या पोटावरचे केस बाजूला करत होती. पिल्लू झोपलं होतं.

तिनं माझ्याकडं बघून दात दाखवले, पिल्लू काखेत दाबलं आणि कणगीवरून भोकातून वर गेली. पिल्लू जागं होऊन किंचाळलं ते तिथंच, वर पोचल्यावर.

माझ्या ओरडण्यानं मावशी धावत आल्या आणि भोकाकडं बघून जागच्या जागी खाली बसल्या. फरशी रोज त्याच काढत होत्या. मी शाळेत गेले की सरकवायच्या, मी यायच्या आधी परत लावायच्या. पिल्लाला म्हणून भाकरीचा तुकडाही वरून टाकायच्या, आणि माकडं ते बघत असायची. “लई रडायचं वो,” त्या म्हणाल्या. “उजेड पडला की गप व्हायचं.” ते उजेडानं गप होत नव्हतं, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. त्यांच्यावर तोंड टाकायला मी थांबले नाही, तशीच बाहेर पळाले.

माकडीण देवळामागच्या वडावर गेली होती. खाली माणसं जमली. पिल्लाला एका हातानं छातीशी दाबून ती या फांदीवरून त्या फांदीवर जात होती, आणि मी खालून तिच्या मागं मागं सरकत होते. मी दगड उचलला. सगळे माझ्या हाताकडं बघायला लागले. मावशींनी माझं मनगट धरलं. “टाका तो, बाई. तिचं लेकरू गेलं व्हतं. देवानं तिची वटी भरली.”

“तिच्या अंगावर दूध नाही, मावशी,” मी म्हटलं. “ते उपाशी मरेल.”

मावशींनी वर बघितलं. पण मनगट सोडलं नाही. शेवटी दगड मीच टाकला. तो लागून ती पिल्लासकट खाली आली असती, हे मला दिसत होतं. मी दूधभाकरीचा काला झाडाखाली ठेवला. ती उतरली, एका हातानं तो भराभरा खाल्ला आणि परत वर गेली. पिल्लाला तिनं त्यातलं काही दिलं नाही. तिला ते कळतच नसावं. ती फक्त त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाचा आवाज बसला होता. ओरडायला तोंड उघडायचं आणि हवा यायची. मी शाळेत निरोप धाडला, माळवदावर चढले आणि माझ्या हातानं फरशी काढली. खोलीच्या मधोमध शेंगांचा ढीग ओतला, दार आतून लावलं, आणि दाराशी कोपऱ्यात गोधडी डोक्यावरून घेऊन बसले. मावशी बाहेर अंगणात बसल्या. मी काय करते आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अडवलं नाही.

रोजच्या वेळेला ती आली. भोकातला उजेड एकदम गेला, मग कणगीवर नखं वाजली. ती पिल्लाला काखेत घेऊन खाली उतरली, सगळीकडं बघितलं, गोधडीकडंही बघितलं.  मग तिनं पिल्लू जपून बाजूला ठेवलं, शाळेच्या भिंतीवर ठेवायची तसं, आणि दोन्ही हातांनी शेंगा फोडायला घेतल्या. पिल्लू हललं नाही. मला वाटलं, उशीर झाला.

मी गोधडीसकट त्याच्यावर झेप घेतली आणि त्याला पदराखाली ओढलं. ती आता मला फाडणार म्हणून मी तोंड भिंतीकडं केलं. काहीच झालं नाही. वळून बघितलं तर ती तिथंच बसली होती, गालात दाणे होते, आणि एक हात तिनं माझ्यापुढं पसरला होता. तळवा वर करून. आमच्या देवळाच्या पायऱ्यांवर मी लहानपणापासून असे हात बघत आले होते, पण त्यांतल्या एकाचीही मला भीती वाटली नव्हती. मी पदर घट्ट आवळला. ती बराच वेळ तशीच बसली आणि मग कणगीवरून निघून गेली.

चिंधीची वात करून थेंब थेंब दूध पाजलं, तेव्हा दुपारपर्यंत पिल्लानं डोळे उघडले. संध्याकाळी ते पायांवर उभं राहिलं. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. मग ते लटपटत चालायला लागलं, माझ्याकडं नाही, कणगीकडं. तिच्या बुडाशी बसून त्यानं मान वर केली आणि मावशींनी पुन्हा लावलेल्या फरशीकडं बघत शेपूट हलवली. माळवदावर खरवडल्याचा आवाज आला. पिल्लानं आपल्या बसलेल्या आवाजात उत्तर दिलं.

मावशी घरातला वरवंट्याचा पाटा घेऊन आल्या. एक बाजू त्यांनी धरली, एक मी, आणि जिन्यावरून नेऊन तो आम्ही फरशीवर ठेवला. पण मला कळून चुकलं होतं. मी शाळेत असताना ते तिला हाका मारणार, ती येणार, आणि कधीतरी कुठंतरी फट राहणार. पुढच्या वेळी शेंगांना ती भुलली नसती. ज्या जिवासाठी मी मोरीच्या भोकापर्यंत सगळं बुजवलं होतं, त्याला माझ्याजवळ ठेवणं हाच त्याच्या जिवाला धोका होता. सकाळी मी ते धनगराच्या बाईला परत दिलं. तिनं पिल्लाचं पोट दाबून बघितलं आणि झोळीत टाकलं. मेंढरं जळकोटच्या बाजूला निघाली होती.

माळवदावरचं खरवडणं मात्र थांबेना. शाळेतून आले की तो आवाज माझी वाट बघत असायचा. शेवटी मावशीच म्हणाल्या, “तिला एकदा बघू द्या, बाई. नसल्याचं दिसलं म्हंजी जाईल.” रविवारी त्यांनी वर जाऊन पाटा उतरवला आणि फरशी सरकवली. मी खाली, उजेडाच्या तुकड्यात उभी होते. आधी तिचा हात आला आणि हवेत चाचपडला. मग उलटं तोंड आलं. तिनं कोपरा बघितला, कुंडी बघितली, लुगड्याचा तुकडा बघितला. सगळं बघून झाल्यावर तिची नजर माझ्या पदरावर येऊन थांबली.

मी पदर खांद्यावरून काढला, दोन्ही हातांनी तिच्यासमोर पसरला आणि झटकून दाखवला. ती बघत राहिली. मग तिनं हात वर घेतला, आणि जरा वेळानं मावशींनी फरशी लावली.