मनोहररावांच्या शेडमधली बाळंतपणं

जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से साचतात ते जनावरांचे नाहीत, मालकांचे! जनावर बिचारं ताप आला की पडून राहतं. मालकाला मात्र ज्ञान होतं.

दारव्ह्याचे आमचे मनोहरराव कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि कोणाचं तरी ऐकून त्यांनी शेतात डुकरांचं शेड टाकलं. डुकरिणी मस्त, चारापाणी मस्त, पण पिलं आठवडाभरात मरायची. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ऊब द्या, जन्मल्याबरोबर आईचा चीक पाजा, आणि आईखाली चिरडू देऊ नका." एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण हेडक्लार्कला कसं कळणार!

*

उबेसाठी पिलांच्या कोपऱ्यात मोठा बल्ब लावायला सांगितला. पुढच्या खेपेला गेलो तर पिलं अंधारात एकमेकांच्या अंगावर चढून कुडकुडत होती आणि बल्ब फाटकावरच्या पाटीवर! 'आदर्श वराहपालन केंद्र' नुसतं लखलखत होतं.

"डॉक्टरसाहेब, पिलायले उजेड कायले? त्यायले का वाचता येते?"

*

एकदा कोणी पुढारी शेड पाहायला येणार होते. नेमकी त्याच सकाळी डुकरीण व्यायली. ऐन थंडीचे दिवस. मी पोचलो तर पिलं टोपलीत, ओलीगच्च, गारठलेली. नळाखाली आंघोळ घातली होती! आणि आईचा चीक? तो फोटो झाल्यावर.

"पाहुण्यायसमोर तशीच ठेवू काय? काही इज्जत हाय ना आपली!"

पुढारी आलेच नाहीत. संध्याकाळपर्यंत एकही पिलू उरलं नाही. त्या दिवशी मनोहररावांनाच नळाखाली धरावंसं वाटलं मला. अजूनही वाटतं.

*

पिलांना तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन लागतं, आईच्या दुधातून ते पुरत नाही. सुई पाहून मनोहररावांनी मला हातच जोडले. "एवढ्याशा लेकरायले काहून छळता?" त्याऐवजी डुकरिणीला रोज टोपलंभर पालक! पिलांच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या.

"पण माय पाहा, कशी लालबुंद दिसून राह्यली!"

डुकरीण काळी होती हो!

*

शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, माझ्यासमोरच ठणकावलं, "आता हे शेवटचं वेत. पिलं नाई जगली तं शेड मोडा. मले नाई पाहवत ते खड्डे खंदणं!"

मनोहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस ठार मूर्ख, पण शेडवर जीव होता त्याचा, हे कबूल केलं पाहिजे.

आणि मग त्यांनी काय केलं? शेडमध्ये कॅमेरा बसवला, स्पीकरवाला! घरबसल्या मोबाइलवर पाहायचं आणि तिथूनच बोलायचं. डुकरीण व्यायली त्या सकाळी मी तिथेच बल्ब बांधत होतो. पिलं दुधाला लागली होती. डुकरीण सावकाश आडवी होऊ लागली, तेवढ्यात छतातून गर्जना झाली, "ए उठ! खाली पिलं हायेत! उठ!" ती दचकून उभी राहिली आणि धपकन् बसली. एक पिलू खाली गेलं ते गेलंच.

मी फोनवर ओरडलो, "अहो, ओरडू नका!"

"मंग पिलं वाचवायची कोणी?"

दुपारी वहिनींनी त्यांचा मोबाइल हिसकावून धान्याच्या कोठीत लपवला. पिलांसाठी नाही हो! "सकाळपासून उठ, उठ लावलं. शेजारीण इचारून गेली, तुमाले घरात बसू बी देत नाईत काय!"

तिसऱ्या दिवशी सुया मीच टोचल्या. आठवड्याने गेलो तर डुकरीण निवांत पसरलेली आणि बाकीची सगळी पिलं दुधाला झोंबलेली. शेड वाचलं! मनोहरराव पेढे घेऊन दारातच उभे होते. माझा हात धरून म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, त्या सकाळी मी जरा हळू ओरडलो. नाई तं तेही पिलू वाचलं असतं!"